हाड की यकृत? अल्कलाइन फॉस्फेटेज चाचणीचा आढावा

यकृताच्या स्थितीचा अंदाज घेण्यासाठी पॅथॉलॉजी प्रयोगशाळांतून ‘एलएफटी’ या नावाने जो चाचण्यांचा संच केला जातो, त्यात बिलिरुबिन, प्रथिने, एसजीओटी आणि एसजीपीटी यांच्या जोडीला अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराचा आकडा हमखास छापलेला असतो. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे, पण स्वतः त्या क्रियेत खर्ची न पडणारे प्रथिन. पेशींच्या आत किंवा त्यांच्या आवरणावर काम करणारी विकरे थोड्याफार प्रमाणात रक्तात उतरत असतात आणि पेशींना इजा झाली किंवा त्यांचे काम वाढले की रक्तातील त्यांचे प्रमाणही वाढते, या तत्त्वावर निदानाची ही सगळी शाखा उभी आहे. एसजीपीटी हे बऱ्याच अंशी यकृताचेच विकर असल्यामुळे त्याच्या वाढीचा अर्थ लावणे तुलनेने सोपे जाते. अल्कलाइन फॉस्फेटेजची गोष्ट वेगळी आहे. यकृताच्या नावाने निघणाऱ्या अहवालात त्याला जागा मिळालेली असली, तरी निरोगी प्रौढाच्या रक्तातील या विकराचा साधारण निम्मा वाटा हाडांतून आलेला असतो आणि वाढीच्या वयातील मुलांत तर त्याचा बहुतांश भाग हाडांचाच असतो. त्यामुळे वाढलेला आकडा नेमका कोणत्या अवयवाचा, हा प्रश्न या चाचणीला तिच्या जन्मापासून चिकटलेला आहे.

तो जन्मही यकृताच्या अभ्यासातून झालेला नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे रॉबर्ट रॉबिसन हे मूळचे किण्वनाचे, म्हणजे यीस्ट साखरेचे रूपांतर कसे करते याचे अभ्यासक होते, आणि त्या अभ्यासात त्यांच्या हाती साखर व फॉस्फेट यांचे एक संयुग लागले होते. असे संयुग फोडून त्यातील फॉस्फेट मोकळे करणारे विकर वाढत्या प्राण्यांच्या हाडांत आणि हाड बनू घातलेल्या कूर्चेत भरपूर असते, असे त्यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले. मोकळे झालेले फॉस्फेट कॅल्शियमशी संयोग पावून हाडाच्या चौकटीत साचते आणि हाड टणक होते, असे त्यांचे अनुमान होते. पुढे या अनुमानात दुरुस्ती झाली. पायरोफॉस्फेट नावाचे लहानसे संयुग शरीरात सर्वत्र असते आणि ते हाडात खनिज साचू देत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज त्याचे विघटन करून हा अडथळा दूर करते, हे १९६०च्या दशकातील संशोधनातून पुढे आले आणि आज या विकराचे हाडांतील मुख्य काम तेच मानले जाते. मात्र हाड घडवणाऱ्या पेशी जितक्या जोमाने कामाला लागतील तितके हे विकर अधिक तयार होणार, हा रॉबिसन यांच्या शोधाचा व्यावहारिक निष्कर्ष टिकून राहिला. एच. डी. के यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस मुडदूस आणि हाडांचे इतर काही विकार असलेल्या रुग्णांच्या रक्तात हे विकर वाढलेले असते हे दाखवले, आणि चाचणी प्रयोगशाळेतून रुग्णालयात आली.

त्याच सुमारास मुडदुसाच्या कारणांचा जो शोध जगभर चालू होता, त्यातील एक महत्त्वाचा दुवा नाशिकचा आहे, हे मराठी वाचकांच्या फारसे कानावर पडलेले नसते. हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिकमध्ये केलेले निरीक्षण १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील घरांतल्या बालकांत मुडदूस आढळतो, तर खाण्यापिण्याची आबाळ असूनही दिवसभर उन्हात वावरणाऱ्या गरीब घरांतल्या बालकांत तो सहसा आढळत नाही, असे दिसून आले आणि दोष आहारापेक्षा सूर्यप्रकाशाच्या अभावाकडे जातो असा निष्कर्ष निघाला. ड जीवनसत्त्व त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते ही बाब त्या काळात नुकतीच उलगडत होती. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशातही हा विकार का असतो, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या निरीक्षणात होते.

यकृताचा संबंध थोडा उशिरा लक्षात आला. १९३० ते १९३३ या काळात डब्ल्यू. एम. रॉबर्ट्स यांनी काविळीच्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा पित्ताची वाट अडल्यामुळे झालेल्या काविळीत हे विकर बरेच वाढते, तर यकृताच्या पेशींना सूज येऊन झालेल्या काविळीत ते त्या मानाने थोडेच वाढते, असे आढळले. सोनोग्राफी नसलेल्या त्या काळात कोणत्या काविळीला शस्त्रक्रिया लागेल आणि कोणती औषधाविश्रांतीने बरी होईल हे ठरवण्याचे ते मोलाचे साधन ठरले. ही वाढ का होते, याचे स्पष्टीकरण मात्र कित्येक वर्षे चुकीचे दिले जात होते. हाडांत तयार झालेले विकर यकृत पित्तावाटे बाहेर टाकते आणि वाट अडली की ते रक्तात तुंबते, अशी सर्वसाधारण समजूत होती. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांवर कॅप्लन आणि रिगेटी यांनी केलेल्या प्रयोगांतून १९७० मध्ये निराळेच चित्र पुढे आले: अडथळा निर्माण झाल्यावर यकृतच नवे विकर तयार करू लागते, आणि प्रथिननिर्मिती थांबवणारे औषध आधी दिले तर रक्तातील वाढ होत नाही. म्हणजे ही वाढ तुंबल्याने होत नसून पित्ताम्लांच्या दाबाखाली झालेल्या जादा निर्मितीमुळे होते.

हा फरक केवळ तात्त्विक नाही. नवे विकर तयार होऊन रक्तात उतरायला वेळ लागतो, म्हणून पित्तखडा नलिकेत नुकताच अडकलेला रुग्ण पोटाच्या तीव्र कळा घेऊन रुग्णालयात आला, तर पहिल्या काही तासांच्या तपासणीत त्याचे एसजीपीटी चढलेले आणि अल्कलाइन फॉस्फेटेज अगदी सामान्य असू शकते. उलट अडथळा दूर झाल्यानंतरही आकडा लगेच उतरत नाही, कारण रक्तात आलेले यकृताचे विकर निम्मे व्हायला साधारण तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशीचा सामान्य आकडा पाहून पित्तमार्गाचा विचार सोडून देणे आणि शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशीचा चढा आकडा पाहून ती फसली असे समजणे, या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे.

चाचणीची प्रत्यक्ष रीत साधी आहे. रक्तद्रवात रंगहीन पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेट मिसळतात. विकराने त्यातील फॉस्फेट तोडले की अल्कधर्मी द्रावणात उरलेले पॅरानायट्रोफेनॉल पिवळे दिसते, आणि ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात हा पिवळेपणा किती वेगाने गडद होतो ते यंत्र मोजते. येथे मोजला जातो तो विकराचा कामाचा वेग, वजन नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यामुळे रसायने आणि तापमान बदलले की त्याच रक्ताचा आकडाही बदलतो. बोडान्स्की, किंग-आर्मस्ट्राँग अशा पद्धतींची आपापली एकके होती, आणि जुन्या फायलींत ‘के. ए. युनिट’ असा उल्लेख असलेले अहवाल अजूनही सापडतात. त्या एककात प्रौढाचा आकडा साधारण ३ ते १३ असे, तर आजच्या आंतरराष्ट्रीय एककात तो लिटरमागे साधारण ४० ते १३० असतो. आजही द्रावणात डायइथॅनॉलअमाइन हे संयुग वापरणाऱ्या प्रयोगशाळेचा आकडा वैद्यकीय रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सुचवलेल्या द्रावणावर चालणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा बराच जास्त येतो. एका प्रयोगशाळेतला जानेवारीचा आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतला मार्चचा अहवाल शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘उतरले’ असे म्हणणे म्हणूनच बेभरवशाचे असते.

अहवालाच्या उजव्या बाजूला छापलेली सामान्य मर्यादा हे गोंधळाचे आणखी एक कारण आहे, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ते सर्वांत टाळता येण्याजोगे आहे. मुलांची हाडे लांब होत असतात, त्यामुळे त्यांच्यात प्रौढांच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट आकडा हा निरोगीपणाचाच भाग असतो. वयात येताना तो आणखी चढतो आणि मुलींत मुलांपेक्षा आधी उतरू लागतो. अनेक ठिकाणी मात्र बारा वर्षांच्या मुलाच्या अहवालातही प्रौढांचीच मर्यादा छापलेली असते, आकडा ठळक टाइपात येतो आणि आईवडील घाबरून यकृताच्या तज्ज्ञाकडे धाव घेतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येणाऱ्या विकरामुळे आकडा वाढतो, तोही आजाराशिवाय. पाच वर्षांखालील काही बालकांत तर हा आकडा अचानक मर्यादेच्या कित्येक पट होतो आणि कोणत्याही उपचाराविना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. हाडाचा किंवा यकृताचा कोणताही विकार त्यामागे नसतो, आणि थांबून पुन्हा तपासणे हाच त्यावरचा शहाणपणाचा मार्ग असतो. ओ किंवा बी रक्तगटाच्या काही व्यक्तींत तेलातुपाच्या जेवणानंतर आतड्यातील विकर रक्तात उतरून आकडा थोडा फुगतो, त्यामुळे किंचित वाढलेली तपासणी उपाशीपोटी पुन्हा करून पाहणे हिताचे ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे यायचे तर, हाडाचे विकर आणि यकृताचे विकर वेगळे ओळखण्यातली खरी अडचण अशी की ती दोन्ही एकाच जनुकावरून तयार होतात. आतड्याचे आणि वारेचे विकर यांची जनुके स्वतंत्र आहेत. पण यकृत, हाड आणि मूत्रपिंड यांच्यासाठी जनुक एकच आहे, आणि या अवयवांच्या विकरांत फरक आहे तो प्रथिनाला मागाहून चिकटणाऱ्या शर्करांच्या साखळ्यांचा. या किरकोळ फरकाचा फायदा घेण्याचे प्रयत्न नाना प्रकारे झाले. रक्तद्रव ५६ अंश सेल्सिअसला १० मिनिटे तापवला, तर हाडाचे विकर झपाट्याने निकामी होते आणि यकृताचे त्या मानाने तग धरते. वारेचे विकर तर ६५ अंशांच्या उष्णतेलाही दाद देत नाही. तापवल्यानंतर एक पंचमांशापेक्षा कमी क्रियाशीलता उरली तर वाढ हाडाची, असा ठोकताळा वापरला जाई. तापमानात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी निष्कर्ष उलटू शकत असल्याने ही पद्धत नाजूक होती. विद्युतक्षेत्रात प्रथिने वेगवेगळ्या वेगाने सरकवून त्यांचे पट्टे पाडण्याच्या पद्धतीतही हाड आणि यकृताचे पट्टे एकमेकांवर येतात. अलीकडे हाडाच्या विकराला ओळखणारी प्रतिपिंडे वापरून ते थेट मोजता येते. मात्र ती तपासणी महाग आहे, आणि यकृताचे थोडे विकरही त्या प्रतिपिंडांच्या जाळ्यात सापडतेच.

रोजच्या व्यवहारात म्हणूनच एका दुसऱ्याच विकराची साक्ष काढली जाते. गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज, म्हणजे अहवालांतील ‘जीजीटी’, पित्तमार्गाच्या विकारांत वाढते, पण हाडात ते नसते. अल्कलाइन फॉस्फेटेजबरोबर जीजीटीही वाढलेले असेल तर यकृत, आणि जीजीटी सामान्य असेल तर हाड, असा हिशेब त्यामुळे मांडला जातो. तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो, परंतु तो अंधपणे वापरल्यास फसवतोही. मद्यपानाने आणि फेनिटॉइनसारख्या फेफऱ्यावरील औषधांनी यकृताला प्रत्यक्ष इजा न होताही जीजीटी वाढते. फेनिटॉइन अनेक वर्षे घेणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या अहवालात दोन्ही विकरे वाढलेली दिसली, की नियमाप्रमाणे बोट यकृताकडे जाईल. वास्तविक तेच औषध ड जीवनसत्त्वाचा शरीरातील ऱ्हास वाढवते आणि त्यातून हाडे मऊ पडण्याचा विकार होतो. कमरेचे दुखणे, जिना चढताना मांड्यांत जाणवणारी अशक्तता आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे उतरलेले आकडे यांच्याकडे पाहिल्याशिवाय तिचे निदान होणार नाही. फाइव्ह न्यूक्लिओटायडेज नावाचे तिसरे विकर या दृष्टीने अधिक नेमके आहे, पण ते सर्वत्र तपासले जात नाही.

वाढ यकृताची आहे असे ठरल्यावर पुढचा विचार ती कोणत्या प्रकारची, हा असतो. त्यासाठी एसजीपीटी आपल्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे आणि अल्कलाइन फॉस्फेटेज आपल्या मर्यादेच्या किती पट आहे, यांचे गुणोत्तर काढतात. समजा, एसजीपीटी १२० असून मर्यादा ४० आहे आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ५२० असून मर्यादा १३० आहे, तर पहिले तिप्पट आणि दुसरे चौपट, म्हणून गुणोत्तर ०.७५ येते. हे गुणोत्तर ५ किंवा त्याहून अधिक असल्यास रोख यकृतपेशींच्या इजेकडे, २ किंवा त्याहून कमी असल्यास पित्ताच्या अडथळ्याकडे, आणि मध्ये असल्यास मिश्र विकाराकडे असतो. हिपॅटायटिस ए किंवा ई या पावसाळ्यात बळावणाऱ्या काविळींत एसजीपीटी हजारांच्या घरात जाते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज बेताचेच वाढते. क्षयावरच्या आयसोनियाझिडसारख्या औषधाने यकृताला इजा झाली तरी चित्र बहुधा असेच दिसते.

याहून अधिक विचार करायला लावणारी स्थिती म्हणजे कावीळ नाही, बिलिरुबिन सामान्य आहे, आणि केवळ हे एकच विकर चढलेले आहे. यकृताचा एखादाच भाग दबला किंवा व्यापला गेला, तर उरलेले निरोगी यकृत बिलिरुबिन बाहेर टाकण्यास पुरेसे ठरते. व्यापलेल्या भागाच्या आसपासच्या सूक्ष्म पित्तनलिका मात्र विकराची जादा निर्मिती करत राहतात. अमीबामुळे होणारे यकृताचे गळू, यकृतात पसरलेल्या क्षयाच्या गाठी, आणि दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग हे भारतातील अशा वाढीचे नेहमीचे धनी होत. मध्यमवयीन स्त्रीत दीर्घकाळ खाज आणि थकवा असून हा आकडा टिकून चढा राहिला, तर सूक्ष्म पित्तनलिकांच्या प्रतिकारशक्तीजन्य विकाराचा विचार करून मायटोकाँड्रियाविरोधी प्रतिपिंडे तपासली जातात. या विकारात उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांचा गुण येतो आहे की नाही, हेही मुख्यतः अल्कलाइन फॉस्फेटेज किती उतरले यावरूनच ठरते.

हाडांच्या बाजूचा मूलमंत्र असा की हे विकर हाड घडवणाऱ्या पेशींचे आहे, हाड कुरतडणाऱ्या पेशींचे नव्हे. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात हाडांना छिद्रे पडून मणके खचले तरी हा आकडा बहुधा सामान्य राहतो, तर प्रोस्टेटच्या कर्करोगाची हाडात रुजलेली बीजे नवे हाड घडवायला लावतात म्हणून तो उंच चढतो. उतारवयात हाडे ठिसूळ होण्याच्या नेहमीच्या विकारात तो सामान्य असतो; तशा रुग्णात तो वाढलेला दिसला तर नुकताच झालेला अस्थिभंग किंवा ड जीवनसत्त्वाच्या अभावाने मऊ पडलेली हाडे यांचा शोध घ्यावा लागतो. मुडदुसात हाड घडवणाऱ्या पेशी अविरत राबतात, पण खनिजाअभावी त्यांचे काम पुरे होत नाही, त्यामुळे आकडा चढाच राहतो. उपचार सुरू झाल्यावर क्ष-किरण चित्रात काही आठवड्यांत सुधारणा दिसली तरी हा आकडा खाली यायला महिने लागतात. सर्वांगीण तपासणीच्या पॅकेजांमुळे शहरांत ड जीवनसत्त्व कमी असल्याचे अहवाल आता घरोघरी आहेत. त्यांतील बहुतेकांचे अल्कलाइन फॉस्फेटेज सामान्य असते, आणि जीवनसत्त्वाचा कमी आकडा व हाडांचा प्रत्यक्ष विकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याची ती एक स्वस्त खूण आहे, जरी सामान्य आकड्याने विकार नाहीच असे ठामपणे म्हणता येत नसले तरी.

महाराष्ट्रातील दोन परिस्थितींत हाड आणि यकृत यांची सरमिसळ विशेष होते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. अनेक वर्षे ते पाणी पिणाऱ्यांच्या हाडांत फ्लोराइड साचून पाठीचा कणा ताठतो, आणि हाडनिर्मिती वाढल्याने हे विकर चढते. तशा गावातील रुग्णाचा वाढलेला आकडा पाहून केवळ सोनोग्राफीवर थांबणे पुरेसे नाही. पूर्व विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तर प्रत्येकच आकडा दुहेरी अर्थाचा होतो: तांबड्या पेशी फुटल्याने बिलिरुबिन व एसजीओटी वाढते, हाडांतील वेदनांच्या झटक्यात अल्कलाइन फॉस्फेटेज चढते, आणि त्याच रुग्णात पित्तखडे होण्याचे प्रमाणही मोठे असते. बिलिरुबिनचा कोणता अंश वाढला आहे, प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष, आणि जीजीटी किती आहे, हे पाहिल्यावाचून या अहवालातून काही सांगता येत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत मात्र हाडाचे विकर वेगळे मोजणे खर्च करण्याजोगे ठरते, कारण ते मूत्रावाटे बाहेर पडत नसल्याने मूत्रपिंडाच्या बिघाडाने त्याच्या आकड्यात ढवळाढवळ होत नाही.

एवढी चर्चा होते ती वाढलेल्या आकड्याची. कमी आकड्याकडे मात्र कोणी बघत नाही, आणि या चाचणीच्या वापरातील ती मोठी उणीव म्हणावी लागेल. कमी आकड्याचे पहिले कारण प्रयोगशाळेतच सापडू शकते. विकराला काम करण्यासाठी जस्त आणि मॅग्नेशियम लागते, आणि जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीए हे रसायन या धातूंना बांधून ठेवते. त्या नळीतले रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले गेले, तर अल्कलाइन फॉस्फेटेज आणि कॅल्शियम अविश्वसनीय खाली, आणि पोटॅशियम अविश्वसनीय वर, असा त्रिकूट अहवाल येतो. ही चूक वगळल्यावर जस्ताची कमतरता, तीव्र कुपोषण आणि थायरॉइडची मंदी यांचा विचार होतो. तरुण रुग्णाचे यकृत एकाएकी निकामी होत असताना कावीळ खूप, पण हे विकर कमी, असे दिसल्यास यकृतात तांबे साचवणाऱ्या विल्सन विकाराची शंका त्याच दिवशी घ्यायला हवी.

याच गटातील एक जन्मजात विकार जे. सी. रॅथबन यांनी १९४८ मध्ये वर्णिला. त्यात या विकराच्या जनुकातच दोष असतो, पायरोफॉस्फेटचे विघटन होत नाही आणि हाडात खनिज साचत नाही. तीव्र स्वरूपात तो बालकाचा जीव घेतो, तर सौम्य स्वरूपात दुधाचे दात मुळांसकट अकाली पडणे किंवा प्रौढपणी पायाच्या हाडांना पुन्हा पुन्हा बारीक तडे जाणे एवढ्यावर भागते. अशा प्रौढाला हाडे ठिसूळ झाल्याचे समजून बिसफॉस्फोनेट गटातील गोळ्या दिल्या जातात, आणि ती औषधे पायरोफॉस्फेटच्याच धाटणीची असल्यामुळे तडे बुजण्याऐवजी वाढण्याची भीती असते. जुन्या अहवालांत हा कमी आकडा बहुधा वर्षानुवर्षे छापलेला असतोच. प्रयोगशाळेत घडवलेले अल्कलाइन फॉस्फेटेजच इंजेक्शनाने देण्याचा अस्फोटेज अल्फा हा उपचार २०१५ पासून काही देशांत मान्य झाला आहे, परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. तो सुरू झाला की औषधाचेच विकर यंत्रात मोजले जाऊन रक्तातील आकडा प्रचंड चढतो, आणि अल्कलाइन फॉस्फेटेजचा खूण म्हणून वापर करणाऱ्या काही संप्रेरकांच्या चाचण्यांचे निकालही त्यामुळे चुकू शकतात. म्हणून अशा रुग्णाचे रक्त पाठवताना औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून प्रयोगशाळेला आधी कळवावे लागते.